शेवटच्या पायरीचा हिशेब : एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलाचं प्रकरण

29 सप्टेंबर 2017, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी साडेदहाच्या सुमारास, मुंबईत पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ या शेजारशेजारच्या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर, एल्फिन्स्टनच्या बाजूच्या जिन्यात 23 माणसांचा जीव गेला. पूल पडला नव्हता. गाडी घसरली नव्हती. आग लागली नव्हती. मोडलं काहीच नव्हतं. रोज वापरात असलेला, धडधाकट उभा असलेला जिना काही मिनिटांत जीवघेणा ठरला, म्हणून पादचाऱ्यांसाठी काही बांधणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून समजून घ्यायला हवं.

त्या सकाळी काय घडलं याची सर्वांत जास्त सांगितली गेलेली गोष्ट अफवेची आहे. चौकशीत आलेल्या एका जबाबानुसार कुणाच्या तरी फुलांचा भारा खाली पडला, ‘फूल गिर गया’ अशी हाक उठली आणि गर्दीने ती ‘पूल गिर गया’ अशी ऐकली. तसं झालंही असेल. पण अफवेवर बोट ठेवून थांबलं की शिकण्यासारखं काही हाती राहत नाही, कारण अफवा कुणी बांधत नाही आणि कुणी दुरुस्तही करू शकत नाही. मोकळ्या जिन्यात तीच हाक उठली असती तर माणसं धावत खाली उतरली असती, दोघंचौघं पडून खरचटली असती. हाकेच्या आधीच तो जिना भरून थांबलेला होता. शोध घ्यायचा तो या थांबण्याचा.

माणसं आली कुठून

परळ, लोअर परळ, प्रभादेवी हा गिरण्यांचा पट्टा. गिरणीचा कामगार बहुतेक चाळीतून चालत कामावर जायचा आणि पाळीच्या भोंग्यावर यायचा-जायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या, 2001 च्या दुरुस्तीने तो वेग आणखी वाढला आणि सेनापती बापट मार्गाच्या दोन्ही अंगांना काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. कचेरीत येणारा माणूस ठाणे-कल्याणहून मध्य रेल्वेने परळला उतरतो आणि त्याला जायचं असतं रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला. म्हणजे त्याला पूल ओलांडावाच लागतो, तोही साडेनऊ ते साडेदहा या एका तासात.

जमिनीचा वापर बदलला तेव्हा चटईक्षेत्राचा, पार्किंगचा, पाण्याचा हिशेब झाला. रुळांवरून पायी जाणाऱ्यांचा हिशेब कुणाच्याच फायलीत नव्हता. जमिनीची परवानगी महापालिकेची, पूल रेल्वेचा, आणि रेल्वेतही दोन वेगळ्या विभागांचा. स्थानिक खासदारांनी पत्रं लिहिली होती, नव्या रुंद पुलाला मंजुरीही मिळाली होती, निविदेचं काम चालू होतं. अपघात झाला तेव्हा तो पूल कागदावर होता.

जिन्याचं गणित

पादचारी पुलाची चर्चा नेहमी पुलाच्या रुंदीवर होते. प्रत्यक्षात पुलाची क्षमता ठरवतो तो त्याचा सर्वांत अरुंद जिना, आणि त्या जिन्याची क्षमता ठरवते ती त्याची शेवटची पायरी जिथे उतरते ती जागा.

सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त 82 माणसं जाऊ शकतात, जिन्यावर 66. हे ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या बाहेर पडण्याच्या वाटांसाठी वापरले जाणारे आकडे आहेत. आपल्याकडे पिशव्या, डबे, लहान मुलं आणि दोन्ही दिशांची वर्दळ धरली तर यापेक्षा कमीच भरतील. म्हणजे 4 मीटर रुंद पुलावरून मिनिटाला 328 माणसं येत असतील, तर ती उतरवायला सुमारे 5 मीटर रुंदीचे जिने लागतात. अनेक जुन्या पुलांवर नेमकं उलटं दिसतं : पूल रुंद आणि त्याला टोकाला जोडलेला जिना अरुंद. नरसाळं तयार होतं.

आता एका 3 मीटर रुंदीच्या जिन्याचं उदाहरण घेऊ. हे आकडे त्या दिवशीच्या मोजणीचे नाहीत, रीत कळावी म्हणून घेतले आहेत. माणूस भिंतीला किंवा कठड्याला घासून चालत नाही, म्हणून दोन्ही कडांना 15-15 सेंटिमीटर सोडायचे. उरले 2.7 मीटर, म्हणजे मिनिटाला 178 माणसं. पायथ्याशी एक टोपली आणि तिच्यामागे बसलेला विक्रेता यांनी 60 सेंटिमीटर अडवले की राहिले 2.1 मीटर, म्हणजे 139 माणसं. एका टोपलीमुळे मिनिटाला 39 माणसं वर अडतात.

बारा डब्यांच्या लोकलमधून एका स्थानकावर 800 माणसं उतरली असं धरा. मोकळ्या जिन्याला ती बाहेर काढायला साडेचार मिनिटं लागतात, टोपली असलेल्या जिन्याला जवळपास पावणेसहा. गर्दीच्या वेळी एकेका मार्गावर तीन-चार मिनिटांनी गाडी येते. म्हणजे मागची गर्दी उतरायच्या आत पुढची जिन्यावर येते आणि रोज सकाळी थोडी शिल्लक साठत जाते. ती पुढच्या एखाद्या रिकाम्या गाडीच्या वेळी भरून निघते, म्हणून दिवस निभावतो. चार गाड्या एकाच वेळी लागल्या, तर 3200 माणसांना त्याच जिन्यातून उतरायला 18 मिनिटं हवीत.

रोज निभावून नेणारा जिना सुरक्षित आहे असं आपण समजतो. पण त्याच्याकडे राखीव म्हणून काहीच उरलेलं नसतं, आणि एखाद्या दिवशी अडचण आली की ती सोसायला जागाच नसते.

पाऊस

त्या दिवशी ही अडचण पावसाने आणली. एकाएकी जोराची सर आली. छत्री नसलेली माणसं जिन्याच्या तोंडाशी, छप्पर संपतं तिथे, थांबली. यात त्यांची काही चूक नाही. कचेरीला ओलं होऊन जायचं नसलं तर कुणीही हेच करेल. रस्त्यावरची माणसंही आडोशाला आत शिरली. खालचं दार कुणीही न लावता बंद झालं.

वरच्या उदाहरणातच पाहा. पुलावर मिनिटाला 250 माणसं येत आहेत आणि पावसामुळे जिन्यातून बाहेर पडणारी 178 वरून 60 वर आली. दर मिनिटाला 190 माणसं साठणार. जिन्यालगतचा 40 मीटर लांब, 4 मीटर रुंद भाग म्हणजे 160 चौरस मीटर. चौरस मीटरमागे 4 माणसं झाली की चालणं जवळजवळ थांबतं. त्या भागात 640 माणसं झाली की ही वेळ येते, आणि ती येते साडेतीन मिनिटांत. तिथून चौरस मीटरमागे 7 माणसांपर्यंत पोचायला आणखी अडीच मिनिटं. एकूण सहा मिनिटं. मुंबईतली एखादी सर तेवढा वेळ सहज टिकते.

चौरस मीटरमागे 7 माणसं ही घनता शरीराने ओळखता येते. हात खाली असतील तर वर घेता येत नाहीत, वर असतील तर खाली आणता येत नाहीत. पाय जमिनीवर असतात, पण पाऊल कुठे टाकायचं ते आपल्या हातात उरत नाही. या अवस्थेत गर्दी पाण्यासारखी वागते. एका टोकाला कुणी रेटलं की लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते. गर्दीचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा अपघातांनंतर वाकलेले लोखंडी कठडे तपासले तेव्हा त्यांवर साडेचार हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेचारशे किलो वजनाएवढा, जोर आला असावा असं दिसलं. एवढा जोर छातीवर आला तर श्वास आत घेता येत नाही. अशा गर्दीत बहुतेक मृत्यू पायाखाली तुडवल्याने होत नाहीत, उभ्या-उभ्या किंवा एकावर एक दबून गुदमरल्याने होतात. इंग्रजी बातम्या याला ‘स्टॅम्पीड’ म्हणतात, म्हणजे उधळलेली गुरं. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द जास्त नेमका आहे, आणि मेलेल्यांवर दोषही ठेवत नाही.

जिन्यात हे सपाट जागेपेक्षा लवकर घडतं. 15 सेंटिमीटर उंच आणि 30 सेंटिमीटर खोल पायऱ्यांचा उतार साडेसव्वीस अंशांचा होतो. मागच्या माणसाचं वजन पुढच्यावर आपोआप झुकतं. मधला एक जण पडला की त्याच्या जागी पोकळी होते, मागच्याचा आधार जातो, तो त्या पोकळीत पडतो, मग त्याच्या मागचा. वर उभ्या असलेल्यांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना एवढंच वाटतं की पुढे जरा जागा झाली, आणि ते एक पाऊल पुढे सरकतात.

नंतर काय झालं

दुसऱ्याच दिवशी रेल्वेने एक निर्णय जाहीर केला, तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. तोवर पादचारी पूल ही ‘प्रवासी सुविधा’ मानली जायची : बाकडं, पंखा, पाण्याचा नळ यांच्या रांगेत. सुविधेचा पैसा उरला तर मिळतो. पूल आता स्थानकाची अनिवार्य गरज धरला जाईल असं ठरलं, आणि सुरक्षेच्या कामांवर खर्च करण्याचे अधिकार महाव्यवस्थापकांना वाढवून मिळाले. एका वर्गवारीमुळे किती पूल किती वर्षं अडले असतील, याचा विचार करवत नाही.

पुढचं काम लष्कराकडे गेलं. 31 ऑक्टोबरला घोषणा झाली आणि 27 फेब्रुवारी 2018 ला एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथले तीन पूल खुले झाले. एल्फिन्स्टनचा पूल सुमारे 73 मीटर लांब आणि 3.65 मीटर रुंद. जोडून उभारायचे तयार लोखंडी भाग असल्यामुळे तो चार महिन्यांत झाला. चालू रुळांवर तुळया चढवायच्या म्हणजे वरची 25 हजार व्होल्टची वीज बंद करून मेगाब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद, घ्यावा लागतो, आणि खरा वेळ त्या ब्लॉकची वाट पाहण्यात जातो. बांधकाम त्यामानाने लवकर उरकतं. या पुलालाही वरचाच हिशेब लागू होतो : 3.65 मीटर पूल पूर्ण भरून वाहिला तर उतरायला साडेचार मीटरचे जिने हवेत.

1 नोव्हेंबर 2017 ला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. त्याआधी आणि त्यानंतर शहरात फेरीवाल्यांवर बराच राग निघाला. टोपली 60 सेंटिमीटर अडवते हे वर दाखवलं आहेच, तेव्हा शेवटच्या पायरीसमोर कुणी बसू नये हे खरं. पण टोपल्या उठवल्या तरी पाऊस यायचा राहत नाही आणि चार गाड्या एकदम लागायच्या राहत नाहीत. फेरीवाल्यांना जिन्यापासून दूर, येण्याजाण्याच्या वाटेच्या कडेला आखून जागा दिली तर ती टिकते. नुसतं हाकललं तर संध्याकाळी ते पुन्हा तिथेच बसलेले दिसतात.

असा जिना पुन्हा बांधायचा तर

पहिली गोष्ट छप्पर. पावसात लोक थांबतात म्हणून खाली थांबायला जागा द्या, असं सुचतं. हिशेब करून पाहा : मिनिटाला 178 माणसं, पाच मिनिटांची सर, म्हणजे 890 माणसं, चौरस मीटरला दोन अशी मोकळी उभी करायची तर 445 चौरस मीटर लागतात. परळमध्ये एवढी जागा कुठून आणणार? म्हणून छप्पर चालत राहण्यासाठी हवं : जिन्यावरून पुढे फूटपाथवर, टॅक्सीच्या रांगेपर्यंत, बसथांब्यापर्यंत, मध्ये न तुटता. माणूस कोरडा चालू शकला तर तो थांबत नाही. छप्पर जिन्यासोबत संपवणं ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत स्वस्तात सुधारता येणारी चूक आहे. रेल्वेची हद्द जिन्याशी संपते आणि फूटपाथ महापालिकेचा, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

दुसरी, जिना रुंद असेल तर त्याच्या मधे कठडे हवेत. 4 मीटरच्या मोकळ्या जिन्यात मधल्या माणसाला धरायला काहीच नसतं. 1.2 ते 1.8 मीटरच्या पट्ट्या पडतील असे कठडे लावले तर पडणारा माणूस सावरतो आणि रेट्याची आडवी लाटही तुटते. चढणाऱ्यांची पट्टी वेगळी करायची असेल तर ती जिन्याच्या वर आणि खालीही काही मीटर पुढे न्यायची. नाहीतर दोन्ही तोंडांशी गर्दी पुन्हा एकमेकींत घुसते. पायरीची कड पिवळी आणि खडबडीत, पायऱ्यांची उंची सगळीकडे सारखी. शेवटची पायरी फूटपाथच्या थरांखाली दबून पाच सेंटिमीटर कमी झालेली असते, आणि नेमकं तिथेच पाऊल चुकतं.

पुलावर तिकीट खिडकी, तिकिटाचं यंत्र, वजनकाटा, जाहिरातीची चौकट यांतलं काही नको. रांग लागली की तिने पुलाची रुंदी खाल्लीच.

सरकते जिने लावले की प्रश्न सुटला असं वाटतं, तिथे जरा सावध राहायला हवं. एक मीटर रुंदीचा सरकता जिना प्रत्यक्षात मिनिटाला 75 ते 100 माणसं वर आणतो, आणि पूल भरला आहे की नाही हे त्याला कळत नाही. वर जागा नसताना तो माणसं आणून ओततच राहतो. म्हणून पुलावर गर्दी साठली की सर्वांत आधी वर येणारे सरकते जिने थांबवायचे, आणि त्यांचं बटण दाबण्याचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या माणसाला हवा, फोनवरून परवानगी मागणाऱ्याला नाही.

यातूनच मुद्दा येतो तो येणाऱ्या गर्दीला आवर घालण्याचा. पाण्याच्या टाकीला खालचा नळ तुंबला तर वरचा बंद करता येतो; पुलांना असा वरचा नळच ठेवलेला नसतो. तो असा ठेवता येईल : पुलाच्या जमिनीवर जिन्याच्या तोंडापासून मागे 2 मीटर बाय 2 मीटरच्या चौकटी रंगवायच्या. कॅमेऱ्यातून एका चौकटीत 12 डोकी दिसली की घनता चौरस मीटरला 3 झाली. त्या क्षणी फलाटांवरून पुलावर चढणं थांबवायचं. आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जवान फलाटावरच्या जिन्यांच्या पायथ्याशी, घोषणा तिन्ही भाषांत, आणि घोषणेत फक्त ‘गर्दी करू नका’ नको. ‘दादरकडच्या टोकाचा पूल मोकळा आहे’ असं पुढे काय करायचं ते हवं. रस्त्यावरून वर चढणाऱ्यांनाही त्याच वेळी थांबवायचं. बाहेर पडण्याची वाट मात्र कधीही, कोणत्याही कारणाने बंद करायची नाही. लोकल फलाटाच्या अलीकडे रोखून ठेवणं हा उपाय नाही. माणसं रुळांवर उड्या मारतात. 12 हा आकडा मुद्दाम कमी ठेवला आहे, कारण 4 वरून 7 वर पोचायला गर्दीला किती कमी वेळ लागतो ते वर आलंच आहे.

आताचं परळ

2018 च्या जुलैत एल्फिन्स्टन रोडचं नाव प्रभादेवी झालं. 3 मार्च 2019 ला परळ टर्मिनस सुरू झालं, म्हणजे तिथूनच सुटणाऱ्या गाड्या वाढल्या. सप्टेंबर 2025 मध्ये शेजारचा एल्फिन्स्टनचा जुना रस्तापूल शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी पाडायला बंद झाला. त्या पुलाच्या कडेने चालत केईएम, वाडिया, टाटा रुग्णालयांकडे जाणारा माणूस आता रेल्वेच्या पादचारी पुलांवर येतो. त्यात आजारी माणसं, काठी घेतलेली, हातात फाईल आणि औषधांची पिशवी असलेली. त्यांचा वेग कमी, त्यांना लागणारी जागा जास्त. 66 हा आकडा त्यांच्यासाठी नाही.

म्हणून या पुलांची मोजणी नव्याने हवी, आणि ती कुणालाही करता येण्याजोगी आहे. जुलैतला पावसाचा मंगळवार किंवा बुधवार, सकाळी 9 ते 11. प्रत्येक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोन माणसं, एक उतरणारे मोजायला, एक चढणारे. नोंद दर मिनिटाची. तासाची सरासरी घेतली तर गाडी लागल्यानंतरची गर्दी तीत बुडून जाते. शेजारच्या रकान्यात गाडी लागल्याची वेळ, पाऊस चालू-बंद, आणि जिन्याच्या तोंडाशी किती जण उभे होते. रुंदी टेपने मोजायची ती नकाशातली नाही, त्या क्षणी मोकळी असलेली. जिथे एक गाडी रिकामी व्हायच्या आत दुसरी लागते आणि असं सलग तीनदा घडतं, त्या जिन्याच्या नावापुढे लाल खूण.